जुन्या मोटारीची परीक्षा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस बरोबर घेऊन बोरगाव मेघे येथील आमच्या घरी आला. शाळा सोडून त्यास सहा वर्षे झाली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकून तो आता वर्ध्यास नोकरीस आहे. कुशलप्रश्न झाल्यावर तो म्हणाला, "सर, मला एक जुनी मोटार घ्यावयाची आहे. रोज फिरावयास नव्हे. स्वतःच्या हातांनी खोलून, दुरुस्त करून पुन्हा उभी करावयाची आहे. चार गाड्या हेरून ठेविल्या आहेत. त्यांतली कोणती घ्यावी?" वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सर, पैसा त्याच्या कमाईचा आहे, आम्ही आड येत नाही. पण दोन वर्षांनी त्याच्या बहिणीचे लग्न आहे. हा पैसा अंगणात गंजत पडणार असेल, तर तेवढे आजच सांगा."

आम्ही त्यांस तत्काळ उत्तर दिले नाही. मोटारीच्या बाबतीत आमचे हात एकदा पोळलेले आहेत. ती हकीकत पुढे येईलच. एका वृद्ध मिस्त्रीस बरोबर घेऊन सुटीच्या दिवसांत आम्ही चारही गाड्या पाहून आलो. त्या पाहणीत जे शिकावयास मिळाले, ते आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहो.

प्रथम या चार गाड्यांची ओळख करून घेऊ. पहिली अँबेसॅडर. हिंदुस्थान मोटर्स या १९४२ साली स्थापन झालेल्या कंपनीने ती बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून बांधिली. तिचा मूळ नमुना इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड. मंत्र्यांपासून भाड्याच्या गाडीवाल्यापर्यंत सर्वांची सेवा करून मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दुसरी पद्मिनी; ही आपल्या महाराष्ट्राची लेक. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढिली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीची जी आवृत्ती १९६४ पासून तयार होऊ लागली, तिलाच पुढे चितोडच्या राणीचे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिची कीर्ती झाली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली.

तिसरी कॉन्टेसा. ही अँबेसॅडरचीच धाकटी, पण थाटामाटाची बहीण. इंग्लंडातील व्हॉक्सहॉल गाडीवरून घेतलेली, १९८४ ते २००२ पर्यंत बांधिलेली. लांब बोनेट व रुंद बसका बांधा यांमुळे तरुणांचे मन तिच्यावर जडते. चौथी मारुतीची एस्टीम. ती १९९४ साली बाजारात आली व २००७ च्या अखेरीस तिचे उत्पादन बंद पडले. पहिल्या तिघींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांस पोहोचते, एस्टीममध्ये ती पुढच्या चाकांस मिळते. म्हणून ही वयाने व घडणीने नव्या युगाजवळची आहे.

आता परीक्षेकडे वळू. जुनी मोटार पाहावयास गेलेला मनुष्य सामान्यतः दोन गोष्टी पाहतो: रंग कसा आहे, आणि इंजिन सुरू होते की नाही. आमच्या बरोबरच्या मिस्त्रीने या दोहोंकडे ढुंकूनही पाहिले नाही. हिंगणघाटच्या बाजूस एका कापूस व्यापाऱ्याच्या छपरात अँबेसॅडर उभी होती, तेथे गेल्याबरोबर तो जमिनीवर उताणा पडून गाडीच्या पोटाखाली शिरला. बाहेर येऊन त्याने सांगितलेले कारण प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मालमोटारीस खाली लोखंडी सांगाडा असतो व त्यावर वरचा सांगाडा चढविलेला असतो. परंतु आम्ही सांगितलेल्या चारही गाड्यांत असा निराळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पेट्या, बाजूचे खांब व छत हे सर्व एकत्र जोडून तोच गाडीचा देह व तोच तिचा सांगाडा केलेला असतो. आपल्याकडील जुन्या घरांत काहींचे छप्पर लाकडी खांबांवर असते, तर काहींचे मातीच्या भिंतींवरच टेकलेले असते. खांबांच्या घराची भिंत पडली तरी छप्पर उभे राहते. पण भिंतीवर तोललेल्या घराची भिंत ओलीने भुसभुशीत झाली, म्हणजे घरच खचते. या मोटारी दुसऱ्या प्रकारच्या घरासारख्या आहेत. त्यांचा तळपत्रा गंजला, तर ती केवळ शोभेची हानी नव्हे. गाडीचा कणाच मोडलेला असतो. बंद पडलेले इंजिन चार बोल्ट सोडून बाहेर काढता येते, कुजलेला देह कोठून काढावा?

म्हणून पहिले शस्त्र म्हणजे एक लहानसे लोहचुंबक. रंगास ओरखडा जाऊ नये म्हणून ते पातळ फडक्यात गुंडाळावे व दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी, डिकीचा तळ, पुढच्या दिव्यांभोवतीचा पत्रा यांवरून फिरवावे. पत्रा असेल तेथे चुंबक धरील. गंजाची भोके बुजवून वर लांबी भरली असेल तेथे ते सुटून पडेल. मग आतील चटया उचलून पाय ठेवण्याच्या जागी तळपत्रा अंगठ्याने दाबून पाहावा. पावसाळा संपल्यावर लागलीच पाहणी केल्यास पाणी कोठून शिरते तेही कळते.

येथे आम्ही आमची हकीकत सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभीच्या काळात, एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून आम्ही एक पद्मिनी घेतली. नवा पांढराशुभ्र रंग पाहून आम्ही भाळलो. पहिल्याच पावसाळ्यात रंगास फोड आले, फोडांखालून लांबीच्या खपल्या निघाल्या, आणि एका संध्याकाळी चालविताना पायांवर रस्त्यावरचे पाणी उडाले, तेव्हा तळाशी पत्रा उरलेला नाही हे आम्हांस कळले. पुढे कागद पाहू गेलो तो नोंदणीपुस्तकातील क्रमांक व गाडीवर ठोकलेला क्रमांक यांत दोन आकड्यांचा फरक निघाला. गाडी आमच्या नावावर झाली नाही ती नाहीच. अखेर ती वजनावर भंगारात गेली. त्या पैशांतून आमच्या घरी शिवणयंत्र यावयाचे होते. ते पुढे चार वर्षांनी आले. घरातून त्याविषयी एकही शब्द ऐकावा लागला नाही, आणि तीच गोष्ट अधिक जिव्हारी लागली.

योगायोगाने चार गाड्यांतील पद्मिनीही तशीच निघाली. ती मुंबईहून आणलेली, लखलखीत लाल रंगाची. परंतु चुंबक तिच्या चाकांच्या कमानीवर कोठेही टिकेना. समुद्राची खारट, दमट हवा पत्र्यास फार लवकर खाते. आपल्या विदर्भातील हवा वर्षाचे बरेच महिने कोरडी असते. म्हणून किनाऱ्यावरील चकचकीत गाडीपेक्षा आपल्या बाजूची मळकी गाडी पुष्कळदा बरी ठरते. यावरून पद्मिनी वाईट, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नवशिक्याने शिकावे अशी ती सोपी गाडी आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे लहान इंजिन, भोवताली हात घालण्यास मुबलक जागा, वजन बेताचे, रचना सरळ. देह शाबूत असलेली पद्मिनी मिळाली, तर ती आम्ही पहिल्या पसंतीत धरू.

अँबेसॅडर पाहावयास त्या मानाने अगदीच दीनवाणी होती. रंग उडून टपावर पांढरट चट्टे पडलेले, मागच्या बैठकीत उंदरांनी घर केलेले, आणि इंजिन तर कित्येक वर्षे फिरलेलेच नव्हते. तथापि तिचा तळ ठणठणीत होता. मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला, तेव्हा सगळीकडे खणखणीत नाद आला. तिचा पत्रा जाड, मागे कमानी पाटे, पुढे पीळ देऊन झटका सोसणाऱ्या पोलादी कांबी. काळ्या मातीच्या पांदणरस्त्याचा हिचा अनुभव जुना आहे. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन वेगवान नाही, पण त्याच्या अंगाची माहिती नसलेला जुना मिस्त्री सापडणे कठीण. दोषही सांगितले पाहिजेत: सुकाणू जड, पेट्रोलचा खर्च जास्त, आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांस वेळेवर ग्रीस न दिल्यास ते झिजून चाके डुलू लागतात.

कॉन्टेसा नागपुरास होती. तिच्या पुढे उभा राहिल्यावर आमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत जे तेज आले, ते पाहून आम्हांस त्याची कीवच आली. कारण पुढील काचेस आडवी भेग होती, दारांची रबरे झिजून गेली होती, आणि मागचा एक दिवा नव्हताच. "इंजिन उत्तम आहे," असे मालक वारंवार सांगत होता, व ते खरेही होते. मिस्त्री एवढेच म्हणाला, "इंजिन उद्या बिघडले तर मी करीन. काच मी कोठून करू?" अँबेसॅडर व पद्मिनी यांची संख्या मोठी असल्यामुळे त्यांचे सुटे भाग कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी शोधल्यास अजून हाती लागतात. कॉन्टेसा मुळातच थोड्या झाल्या. तिच्या काचा, दिवे व शोभेच्या पट्ट्या मिळविणे म्हणजे एकेका वस्तूसाठी महिनेच्या महिने वाट पाहणे होय. ज्याच्याजवळ पैसा व धीर दोन्ही विपुल आहेत, त्यानेच तिच्या वाटेस जावे.

एस्टीम आमच्या गावातच होती. चारींत तीच एकटी स्वतःच्या चाकांवर चालून दाखवीत होती. १२९८ घनसेंटिमीटरचे हलके, चपळ इंजिन, पेट्रोलचा खर्च कमी, भाग बहुधा जवळच मिळणारे. ज्याला स्वस्तात चालती गाडी पाहिजे, त्याने उरलेल्या तिघींकडे न पाहता हीच घ्यावी. पण तिचा पत्रा पातळ असून गंजास लवकर बळी पडतो, आणि नंतरच्या घडणीत पेट्रोलचे माप विजेच्या यंत्रणेने ठरते. तेथे पाना व स्क्रूड्रायव्हर यांपेक्षा तपासणीयंत्राची गरज अधिक. शिकण्याच्या हेतूने पाहिल्यास जेथे दोष डोळ्यांस दिसतो व हातास लागतो, ती गाडी बरी.

इंजिन सुरू होत असेल, तर धुरावरून पुष्कळ कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रिंगा किंवा वॉल्व्हचे मार्ग झिजले. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. बहुधा कार्ब्युरेटर साफ करून काम भागते. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ थांबली नाही, तर पाणी आत शिरत आहे असे समजावे. त्याच वेळी ऑइलची कांडी काढून पाहावी, तिच्यावरील ऑइल दुधाळ दिसल्यास संशय पक्का होतो. इंजिन बंद असेल, तर निदान ते हाताने फिरते की जाम झाले आहे, एवढे पाहावे. आमच्या अँबेसॅडरचे इंजिन पान्याने जोर लावताच हळूच फिरले, आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले.

आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्याचाही विचार अवश्य केला पाहिजे. वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा जुन्या गाड्या रस्त्यात मुकाट्याने थांबतात व लोक इंजिनास दोष देतात. खरे कारण असे की, या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगासच बसविलेला असतो; तो तापला, की नळीतील पेट्रोलची वाफ होते, आणि पंपास द्रव ढकलता येतो तशी वाफ ढकलता येत नाही. जुने चालक पंपावर ओले फडके गुंडाळीत, ते याचसाठी. दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते व जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते किंवा भेगाळते. यास्तव जुनी गाडी उभी करताना पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा बदलून इथेनॉल सोसणारे घालावेत, टाकी आतून स्वच्छ करावी, आणि महिनोन्महिने गाडी पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

आता पालकांच्या आवडीचा विषय, म्हणजे हिशेब. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत. केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. समजा, कुजलेल्या पत्र्याची पण चालू इंजिनाची गाडी ५०,००० रुपयांस मिळते, तिच्या पत्र्याच्या व रंगाच्या कामास ९०,००० आणि किरकोळ यंत्रकामास २०,००० लागतात, एकूण १,६०,०००. दुसरी, शाबूत पत्र्याची पण बंद इंजिनाची, ८०,००० रुपयांस मिळते, इंजिनास ४५,००० आणि ब्रेक व वायरिंगला २०,००० लागतात, एकूण १,४५,०००. जी महाग वाटली ती स्वस्त झाली. शिवाय पहिल्या गाडीचे ९०,००० बहुतांशी दुसऱ्याच्या हातात जातात, कारण पत्रा कापून जोडणे हे कसलेल्या कारागिराचेच काम. परंतु इंजिन खोलणे, धुणे, वायरिंग ओढणे यांतील मजुरी शिकणाऱ्याच्या स्वतःच्या श्रमाने वाचते. जो हिशेब निघेल त्यावर तिसरा हिस्सा आणखी चढवून, तेवढी रक्कम घरच्या कोणत्याही ठरलेल्या खर्चास हात न लावता जवळ असेल, तरच गाडी आणावी. दुरुस्त झालेली गाडी विकून सारा खर्च वसूल होईल, या भरवशावर तर कधीही राहू नये.

कागदपत्रांचे महत्त्व पत्र्याइतकेच आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील गाडीस पर्यावरण कर निराळा द्यावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये पुष्कळ वाढले व वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये पुन्हा वाढले. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात जाऊन त्या विशिष्ट गाडीची एकंदर देणी विचारावीत. नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन यांचे क्रमांक धातूवर ठोकलेल्या क्रमांकांशी आकडा न् आकडा ताडून पाहावे. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, मालक मयत असल्यास वारसांची संमती आहे काय, परराज्यातील गाडीस ना-हरकत दाखला आहे काय, हे पाहावे. मनास येईल ते इंजिन बसविणे किंवा देहाचा आकार बदलणे कायद्यास मान्य नाही, हेही हौशी तरुणांनी ध्यानात धरावे. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीची सोय झाली आहे. परंतु अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही.

आमच्या लहान विद्यार्थ्यांसाठी दोन सूचना. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली मजबूत लोखंडी टेके द्यावेत, विटा तर मुळीच नकोत, कारण त्या एकाएकी फुटतात. आणि गाडी चालू करण्याआधी ती थांबविता आली पाहिजे. या जुन्या घडणीत बहुधा चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाते. कोठेही एक रबरी वायसर फाटला, की सर्वच ब्रेक जातात. म्हणून वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी घेतल्यास ब्रेकची सर्व रबरे व नळ्या बदलण्याचा खर्च पहिल्या पानावर लिहावा.

असो. परीक्षेचा निकाल काय लागला, हे वाचकांस जाणण्याची इच्छा असेल. मुलाने अँबेसॅडर घेतली. नागपुराहून परत येताना तो बसमध्ये एक शब्द बोलला नाही; कॉन्टेसाचा मोह सोडणे त्यास जड गेले. सेलू मागे टाकल्यावर तो आपणहून म्हणाला, "सर, जे मला करता येईल ते बिघडलेले चालेल; जे मला करता येणार नाही ते शाबूत पाहिजे." आम्ही एवढ्या पानांत जे सांगितले, ते त्याने एका वाक्यात सांगितले. आणि त्यातच वडिलांच्या प्रश्नाचेही उत्तर होते: ज्या कामाचा शेवट आपल्या हातात आहे, त्यातला पैसा अंगणात गंजत पडत नाही.

१९३७ साली आमच्या या वर्ध्यातच भरलेल्या शिक्षणपरिषदेत, मुलाने हाताच्या उद्योगातून शिकावे, असा विचार देशापुढे मांडला गेला. तेव्हा चरखा डोळ्यांपुढे होता. परंतु एखाद्या तरुणाने बंद पडलेले यंत्र संयमाने खोलावे, प्रत्येक स्क्रू कोठला ते वहीत लिहून ठेवावे, चुकल्यास पुन्हा खोलावे, यातही तेच शिक्षण आहे असे आम्हांस वाटते. आज त्या वृद्ध मिस्त्रीजवळ जे ज्ञान आहे, ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते घेण्यास कोणी गेले नाही, तर ते त्याच्याबरोबरच संपेल. आमचा विद्यार्थी दर रविवारी त्याच्याकडे जातो.

हा लेख लिहीत असता गाडीचे इंजिन सुरू झाले आहे. त्या दिवशी वडिलांनी शेजाऱ्यांस पेढे वाटले. गाडी मात्र अजून अंगणाबाहेर गेलेली नाही. ब्रेकचे काम अपुरे आहे, आणि ते पुरे झाल्यावाचून फाटक उघडावयाचे नाही, असा वडिलांचा सक्त हुकूम आहे. फाटकाची किल्ली त्यांनी आपल्या खिशात ठेविली आहे, आणि मुलाने ती एकदाही मागितलेली नाही.